टेअर, ट्रेट आणि कडता

आमच्या घरात इंग्रजी शब्दांचं वेड कोणी लावलं माहीत नाही, पण शेतमालाच्या पट्टीचं वेड सगळ्यांनाच आहे. पट्टी म्हणजे आडत्याने दिलेला हिशेबाचा कागद. एवढ्या पिशव्या, एवढं वजन, एवढा भाव, त्यातून हमाली, तोलाई, आडत वजा आणि शेवटी हातात आलेली रक्कम. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा पिकवणाऱ्या घरात ही पट्टी पेपरासारखी वाचली जाते. एका बाजारात (नाव कशाला घ्या) काकांच्या पट्टीवर वर्षानुवर्षं दर पिशवीमागे वजनातून काही किलो गायब व्हायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कडता हाये." बारदानाचं वजन आधीच वजा झालेलं असायचं, त्यामुळे हा कडता म्हणजे पोत्याचं वजन नव्हे. मग कशाचं? मातीचं, ओलाव्याचं, सडक्या बटाट्याचं, आणि "चालतच आलंय" याचं.

गेल्या काही महिन्यांत जुन्या इंग्रजी अंकगणिताच्या पुस्तकांत डोकावत होतो. फ्रान्सिस वॉकिंगेम नावाच्या मास्तरांचं एक पुस्तक १७५१ मध्ये निघालं आणि पुढे शंभरएक वर्षं इंग्लंडमधली पोरं त्यावर घासली गेली. त्यात त्रैराशिक, व्याज, भागीदारी यांच्या जोडीला एक अख्खा धडा 'टेअर आणि ट्रेट' नावाचा आहे. तो वाचताना मला थेट काकांची पट्टी दिसायला लागली.

टेअर म्हणजे बारदान. पोतं, पेटी, पिंप, ज्यात माल भरला त्याचं वजन. हे वजा करणं रास्तच आहे. ते वजा झालं की पुढे ट्रेट. दर १०४ पौंडांमागे ४ पौंड, म्हणजे सव्विसावा हिस्सा, धूळ आणि नासाडीपोटी सोडायचा. त्यानंतर उरलेल्यातून क्लॉफ. दर ३ हंड्रेडवेटमागे, म्हणजे ३३६ पौंडांमागे, २ पौंड. हे कशासाठी? तर घेणाऱ्या व्यापाऱ्याने माल पुढे किरकोळीत विकताना वजन पुरं भरावं म्हणून! त्याच्या दुकानात तराजू झुकणार, त्याचा तोटा विकणाऱ्याने आधीच भरून द्यायचा.

हिशेब करून बघा. पोत्यासकट माल १,०९२ पौंड, पोती ५२ पौंडांची. खरा माल १,०४०. ट्रेट गेला ४०, राहिले १,०००. क्लॉफ गेला जवळजवळ ६. पैसे मिळणार ९९४ पौंडांचे. शेकडा साडेचारच्या आसपास माल फुकट गेला, आणि तो कोणी चोरला असं म्हणायची सोय नाही, कारण शाळेच्या पुस्तकातच तसं गणित आहे. कोशकारांच्या मते ट्रेट हा शब्द बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या 'ओढ' या अर्थाच्या शब्दावरून आला. ओढ म्हणजे तराजूचं पारडं खाली ओढलं जाणं. आपण 'झुकतं माप' म्हणतो ते हेच. फक्त आपल्या म्हणण्यात झुकतं माप देणारा उदार असतो, आणि पट्टीवर झुकतं माप देणाऱ्याला विचारलेलंच नसतं.

आता गंमत अशी की, टेअर हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच. अरबीत 'तरह' म्हणजे टाकणं, फेकणं. त्यापासून 'टाकून द्यायचा भाग' या अर्थी तो भूमध्य समुद्राच्या बंदरांमधून इटली, फ्रान्स करत इंग्लंडात पोचला. त्याच अरबी धातूचा दुसरा फाटा फारसीतून आपल्याकडे आला, तो म्हणजे 'तऱ्हा'. टाकणं, मांडणं, मांडणी, रीत असा अर्थ सरकत गेला. म्हणजे लंडनच्या गोदीतला टेअर आणि आमच्या आत्याच्या तोंडचं "काय पोराची तऱ्हा!" हे चुलत भावंडं निघाले. टॅरिफचंही तसंच. मूळ अरबी 'तारीफ', म्हणजे कळवणं, ओळख करून देणं. तिकडे त्याचं दरपत्रक झालं आणि मग जकातीचा दर, इकडे कौतुक झालं. मॅगझिन आणि आपला खजिना एकाच धातूचे. कागदाचं रीमसुद्धा अरबी 'रिझ्मा', म्हणजे गठ्ठा. २० दस्त्यांचं एक रीम, एका दस्त्यात २४ ताव. आणि कागदाचं नाव निघालं की जुन्नरकराने मान ताठ करायची, कारण जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेला होता. जकात हा शब्द तर मूळचा धर्मादायाचा. गरिबांसाठी काढून ठेवायचा हिस्सा. आपल्याकडे येईतो तो घाटातल्या नाक्यावर बसलेल्या माणसाचा हिस्सा झाला.

घाट म्हटला की नाणेघाट आलाच. जुन्नरहून कोकणात उतरणारी ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी. वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली लेणी आहे, आणि तिथून जवळच दगडात कोरलेला मोठा रांजण. परंपरेने त्याला जकातीचा रांजण मानतात. शाळेच्या सहलीत प्रत्येक पोर त्यात डोकावतं आणि एखादं नाणं दिसतंय का बघतं. मीही बघितलंय.

या वाटेवरून १६७५ साली एक इंग्रज डॉक्टर गेला. जॉन फ्रायर त्याचं नाव, ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य. जुन्नर तेव्हा मुघलांकडे होतं आणि तिथल्या अंमलदाराने मुंबईला निरोप धाडून वैद्य मागवला होता. (त्याआधी १८ वर्षांपूर्वी, १६५७ मध्ये, शिवाजीराजांनी रातोरात तटाला शिड्या लावून जुन्नर लुटलं होतं आणि ३ लाख होन आणि २०० घोडी नेली होती. म्हणजे पेठेत केवढा पैसा खेळत होता याचा अंदाज करा.) फ्रायर जाताना भलत्याच अवघड वाटेने घाट चढला, हाल झाले. परतताना त्याला नाणेघाटाची वाट मिळाली. घाटमाथ्यावर मात्र त्याला तासभर थांबावं लागलं, कारण खालून मिठाने लादलेले ३०० बैल वर येत होते. मिठाची किंमत देशावर एवढी की, अमक्याचं मीठ खाल्लं अशी भाषा इथे का चालते ते त्याला तिथे उभ्या उभ्या उमगलं.

मला हा प्रसंग फार आवडतो. कंपनीचा माणूस, ज्याच्या मालकांचं सगळं जग माल आणि भाव यांनी बनलेलं, तो बैलांच्या तांड्यासाठी बाजूला उभा आहे. घाटात मालाची वाट आधी.

फ्रायरचं पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात नाणी, वजनं आणि रत्नं यांची एक जंत्री आहे, शेवटी परक्या शब्दांचा अर्थ सांगणारी सूची. म्हणजे इंग्रजी व्यापाऱ्यांच्या बोलण्यात आपले शब्द किती घुसले होते ते बघा, त्याशिवाय सूची कशाला लागते? सराफाचा 'श्रॉफ' झाला, बट्ट्याचा 'बट्टा' तसाच राहिला, वाण्याचा 'बनियन' झाला. पुढे १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' या विचित्र नावाच्या कोशात हे सगळे एका जागी बसले. उलट बाजूने, 'फॅक्टरी' म्हणजे तेव्हा कारखाना नव्हे. फॅक्टर म्हणजे मालकाच्या वतीने खरेदी-विक्री करणारा मुनीम, आणि तो राहतो, माल साठवतो ती फॅक्टरी. मराठीने त्याला नेमका शब्द दिला, वखार. कंपनीच्या नोकरीच्या पायऱ्याही व्यापाराच्याच होत्या. आधी रायटर, मग फॅक्टर, मग कनिष्ठ मर्चंट, मग वरिष्ठ मर्चंट. ज्यांनी पुढे राज्य केलं त्यांच्या हुद्द्यांची नावं ही होती. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर करार करायला आला, त्या करारातही अडीच टक्के जकात होती आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातला माल कोणाचा हे कलम होतं. ते फुटक्या जहाजांचं कलम महाराजांना पसंत पडलं नाही. किनाऱ्यावर लागलेलं गलबत सरकारचं, हा कोकणातला जुना रिवाज.

पण इंग्रजांना कशाला एवढं मोठं करा? व्यापारी कायद्याची भाषा आपल्या डोंगरात त्याच्या कितीतरी आधीची आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांमध्ये दानाचे लेख आहेत. त्यात एक धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचा. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांची संघटना, तिने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेण्यांकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे. मानमोडीच्या डोंगरात नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. याच नहपानाचा जावई उषवदात. त्याचा नाशिकचा लेख वाचला तर बँकेचा कागद वाचल्यासारखं वाटतं. ३,००० कार्षापणं ठेवली. त्यातली २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, त्यातून भिक्षूंना कपडे. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. चारचौघांत वाचणं आणि नोंद करणं, या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

इंग्लंडातही बाजाराचं जुनं तत्त्व हेच होतं की सौदा उघड्यावर व्हावा. तिथे 'फोरस्टॉल' करणं हा गुन्हा होता. हा शब्द अस्सल जुना इंग्रजी. मूळ अर्थ वाट अडवणं, दबा धरून बसणं. बाजाराकडे निघालेल्या शेतकऱ्याला रस्त्यातच गाठून माल उचलायचा, म्हणजे बाजारात माल कमी आणि भाव आपल्या हातात, याला फोरस्टॉलिंग म्हणत. एकाच बाजारात घेऊन तिथेच चढ्या भावाने विकणं आणि सगळा माल एकगठ्ठा घेऊन दाबून ठेवणं, हे त्याचे दोन सख्खे भाऊ. (एकगठ्ठा घेणाऱ्याच्या त्याच शब्दापासून किराणा विकणारा 'ग्रोसर' आला.) १७७२ मध्ये यावरचे कायदे रद्द झाले, १८४४ मध्ये उरलेसुरले गुन्हेही पुसले गेले. जत्रेच्या बाजारात तर जागच्या जागी न्याय देणारं कोर्ट असे. त्याचं नाव 'पायपावडर', मूळ फ्रेंचमध्ये धुळीने माखलेले पाय. फिरता व्यापारी उद्या इथे नसणार, म्हणून पायावरची धूळ झटकायच्या आत निकाल. ब्रिस्टलमधलं असं एक कोर्ट कागदोपत्री १९७१ पर्यंत जिवंत होतं! बेल्ह्याच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरलेल्या सौद्यावरून भांडणं झाली की चार जाणती माणसं तिथेच मिटवतात. त्यांच्या पायांवर कोणती पावडर असते ते ज्याने बाजार बघितलाय त्याला सांगायला नको.

आपल्याकडे बाजार समित्यांचा कायदा आला त्यामागेही उघड्यावरच्या सौद्याचाच विचार होता. वऱ्हाडात १८९७ चा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा, मुंबई प्रांतात १९३९ चा, आणि मग महाराष्ट्राचा १९६३ चा. ठरवून दिलेल्या सुटीखेरीज कसलीही व्यापारी सूट घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ट्रेट आणि क्लॉफ यांना बंदी. काकांच्या पट्टीवरचा कडता त्या बंदीनंतरचा आहे. पुढे जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायची मोकळीक मिळाली आणि आडत शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून घ्यायचं ठरलं. आमच्या घरात यावर दोन तट आहेत. काका म्हणतात आडत गेली ती भावात परत आली. चुलत भाऊ नारायणगावच्या टोमॅटो बाजारात २० किलोचं क्रेट लावतो, तो म्हणतो निदान कागदावर तरी गेली. मला चुलत भावाचं पटतं. कागदावरून गेलेली गोष्ट परत मागता येत नाही असं नाही, पण मागायला लाजावं तरी लागतं.

आणि कागदाचीच गोष्ट निघाली आहे तर खऱ्या दुखऱ्या शब्दाकडे येतो. मॉर्गेज. जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ 'मेलेलं गहाण'. बाराव्या शतकातल्या इंग्रजी कायद्याच्या ग्रंथात याचं स्पष्टीकरण आहे. गहाण जमिनीचं उत्पन्न सावकार खातो पण ते कर्जात वळतं करत नाही, म्हणून ते गहाण मेलेलं. वळतं केलं तर जिवंत. आपल्याकडे नजरगहाण आणि ताबेगहाण असे दोन शब्द आहेत. नजरगहाणात जमीन कुणब्याच्या ताब्यात, सावकाराची नुसती नजर. ताबेगहाणात ताबाच गेला. शब्दाच्या बाबतीत मराठी जास्त प्रामाणिक वाटते मला. सावकाराची नजर आहे, असं सरळ सांगते.

या गहाणांना मर्यादा होती ती दामदुपटीची. व्याज साठत साठत मुद्दलाएवढं झालं की थांबलं, त्यापुढे मागायचं नाही. मग १८५५ मध्ये सरकारने व्याजाच्या दरावरचे कायदे उठवले, इंग्लंडमध्ये आदल्याच वर्षी उठवले होते म्हणून. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या खताची मुदत ३ वर्षं. हेतू चांगला होता, सावकाराने जुनी खतं उकरू नयेत. झालं उलटंच. तिसरं वर्ष सरायच्या आत सावकार नवं खत करून घ्यायचा आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून लिहायचा. दामदूपट कुठून लागणार? प्रत्येक वेळी मुद्दलच नवं! आणि खाली सही कोणाची, तर निशाणी नांगराची. ज्याला अक्षर येत नाही तो नांगर काढायचा. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला माहीत, नांगरवाल्याला नाही.

१२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. त्यांनी मागितली ती खतं, आणि मिळाली तिथे जाळली. लुटीपेक्षा त्यांना कागद हवा होता. चौकशीला कमिशन बसलं आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. आपला सगळा मुलूख त्यात आला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. कोर्टाने खताचा मजकूर प्रमाण न धरता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासायचा. सावकाराने पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. आणि खत करायचं ते गावच्या रजिस्ट्रारसमोर, दोघांनी हजर राहून, त्याच्या देखरेखीखाली लिहून. म्हणजे निगमसभेत वाचणं आणि फलकावर नोंदवणं, सतराशेएक वर्षांनी परत.

या कायद्यानंतर सावकारांनी नवी वाट काढली. गहाणाऐवजी खरेदीखतच करून घ्यायचं, परत द्यायचं फक्त तोंडी कबूल. आमच्या पणजोबांच्या काळची अशी एक पट्टी जमीन गावात अजून 'गहाणाची' म्हणूनच ओळखली जाते. कागद खरेदीचा आहे, ती कधीच परत आली नाही, मालक दोनदा बदलले. पण बांधावर उभं राहून कोणालाही विचारा, "गहाणाचा तुकडा ना? तो काय, विहिरीपल्याड."

परवा काकांचा सातबारा काढला. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे. इंग्रजीत याला भारी शब्द आहे, एन्कम्ब्रन्स, पण तलाठ्याच्या लेखी तो बोजाच, नाणेघाट चढणाऱ्या बैलाच्या पाठीवर असतो तोच शब्द. काकांना म्हटलं, यंदाच्या बटाट्यात उतरेल का? त्यांनी पट्टी चष्म्याजवळ धरली आणि आधी बारदान किती धरलंय ते बघितलं.